लिस्टिंग टंकून आपण नेमके काय शिकलो? (जुनी संगणक-मासिके आणि घरातला पहिला संगणक)

उलटा बदाम

कपाट आवरताना एका खोक्यात मला एक कॅसेट सापडली आणि तिच्याभोवती रबरबँडने गुंडाळलेली चार पाने. ही पाने मी लहानपणी एका संगणक-मासिकातून फाडून ठेवली होती. त्यांवर कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी लिहिलेल्या एका खेळाचे पूर्ण लिस्टिंग, म्हणजे वाचकाने स्वतः टंकून घ्यावा म्हणून ओळीओळीने छापलेला प्रोग्रॅम, आहे. गुहेतून वटवाघूळ उडवत न्यायचे आणि छताला लोंबणाऱ्या सुळक्यांना ते आदळू द्यायचे नाही, एवढाच खेळ. तो मी तीन संध्याकाळी बसून टंकला. ताई ओळी मोठ्याने वाचत असे आणि मी कळा दाबत असे. तिसऱ्या रात्री 'रन' केले, तेव्हा पडद्यावर 'आउट ऑफ डेटा एरर इन ४०' एवढेच उमटले. ओळ ४० बारकाईने तपासली, ती बरोबर होती. डेटाच्या ४० ओळी होत्या आणि प्रत्येकीत ८ आकडे होते. ते मी तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा पूर्ण भरले. तू एखादा आकडा गाळलास, असा आरोप करून मी ताईशी भांडलो आणि प्रोग्रॅम तसाच कॅसेटवर साठवून ठेवला. तो खेळ मी आजवर पाहिलेला नाही.

या निमित्ताने एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्या पिढीतील पुष्कळ लोक अभिमानाने सांगतात की, मासिकांतील लिस्टिंग टंकून टंकून आम्ही प्रोग्रॅमिंग शिकलो. हे खरे आहे का? की आठवणींना चढलेल्या गोडव्यामुळे आपण निव्वळ नकलेला शिक्षण म्हणू लागलो आहोत?

रबरी कळ

सर्वप्रथम आपल्याविषयी सहानुभूती व्यक्त करतो, कारण आपल्याकडे कमोडोर होता. आमच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकावर प्रत्येक शब्द अक्षराअक्षराने टंकावा लागत नसे. 'पी' दाबले की पूर्ण 'प्रिंट' उमटत असे आणि 'जे' दाबले की 'लोड'. शिवाय व्याकरणात चुकलेली ओळ यंत्र स्वीकारतच नसे; चुकीच्या जागी लुकलुकते प्रश्नचिन्ह दाखवून ते अडून बसे. कमोडोर मात्र काहीही निमूटपणे गिळत असे आणि 'रन' केल्यावर पोटदुखीची तक्रार करत असे.

मूळ प्रश्नावर माझे उत्तर 'होय' असे आहे. 'फॉर' आणि 'नेक्स्ट' यांची जोडी असते, हे मला कोणीही शिकवले नाही. शंभर वेळा टंकल्यावर ते बोटांना समजले आणि डोक्यापर्यंत नंतर पोहोचले.

शून्यावर भागाकार

बोटांना समजते ते टंकलेखन. एखाद्या अपरिचित भाषेतील ग्रंथाची सुवाच्य नक्कल करणारा लेखनिक त्या भाषेचा पंडित होत नाही. मी स्वतः किमान तीस लिस्टिंगे टंकली असतील आणि त्यांतील एकाचीही रचना मला त्या वेळी सांगता आली नसती. पुढे जे शिकलो, ते वहीत स्वतःचा प्रोग्रॅम लिहू लागल्यावर. मासिकांनी मला संयम शिकवला, हे मान्य. पण संयम तर रांगेत उभे राहूनही शिकता येतो.

आठ बिटी आजोबा

शून्यावर भागाकार यांचे म्हणणे तर्कशुद्ध आहे, परंतु त्यात मासिक म्हणजे केवळ लिस्टिंगांचा गठ्ठा, असे गृहीत धरलेले दिसते. घरगुती संगणकाच्या जन्मात मासिकांचा वाटा यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या जानेवारी १९७५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० झळकला आणि घरात संगणक असू शकतो, हे हजारो वाचकांना प्रथमच पटले. गंमत अशी की, छायाचित्रातील पेटी रिकामी होती. छायाचित्रासाठी पाठवलेले खरे यंत्र वाटेतच हरवल्यामुळे नुसता सांगाडा उभा करून वेळ निभावण्यात आली. ज्या यंत्राने हे युग सुरू केले, ते वाचकांसमोर प्रथम आले ते आतून पोकळ! मिळत होते तेही फार भरीव नव्हते म्हणा. मूळ संचात २५६ बाइट स्मृती होती, कळफलक नव्हता आणि पुढच्या पट्टीवरील खटके वरखाली करून प्रोग्रॅम भरावा लागे.

डेव्हिड आल यांचे 'क्रिएटिव्ह कंप्युटिंग' तर त्याही आधी, म्हणजे १९७४ मध्ये सुरू झाले. 'बाइट' सप्टेंबर १९७५ मध्ये आले आणि 'डॉक्टर डॉब्ज जर्नल' १९७६ मध्ये. ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तयार पेटीत मिळणारी तीन यंत्रे १९७७ ची आहेत. म्हणजे मासिके आधी आली आणि यंत्रे मागाहून. डॉब्जच्या सुरुवातीच्या अंकांत टायनी बेसिक, म्हणजे बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची दोन-तीन किलोबाइटांत मावणारी आख्खी आवृत्ती, मूळ कोडसह छापली जात असे. जे लोक ती टंकत होते, त्यांना लेखनिक म्हणायला माझी जीभ धजत नाही.

शून्यावर भागाकार

आजोबा, ते लोक अभियंते होते. त्यांना आधीच येत होते. प्रश्न बारा वर्षांच्या मुलाचा आहे.

पान सत्तावन्न

बारा वर्षांच्या मुलींचाही आहे, ही नम्र आठवण करून देते.

माझ्या मते शिकवण टंकण्यात नव्हती, चूक शोधण्यात होती. टंकलेले लिस्टिंग पहिल्या फटक्यात चालले, तर आपण खेळ खेळून झोपी जात असू. ते चालले नाही, तर मात्र प्रत्येक ओळ काय करते, हे विचारण्यावाचून गत्यंतर नसे. इंग्रजी 'ओ' आणि शून्य, एक आणि लहान 'एल' यांची छपाईत होणारी सरमिसळ ही आमची खरी शाळा होती. मासिकाला हे अर्थातच ठाऊक होते. पुढच्या अंकात एका कोपऱ्यात दुरुस्त्या छापल्या जात आणि मी नवा अंक हाती आला की मुखपृष्ठ पाहायच्या आधी तो कोपरा गाठत असे. धागाकर्त्यांनी पुढचा अंक पाहिला होता का?

मग चुका टाळण्याची साधने आली. 'कंप्यूट्स गॅझेट'ने १९८३ मध्ये ऑटोमॅटिक प्रूफरीडर नावाचा छोटा प्रोग्रॅम छापला. तो आधी चालवून ठेवला की प्रत्येक ओळीनंतर पडद्यावर एक आकडा येई आणि तो छापील आकड्याशी ताडून पाहायचा. सुरुवातीच्या आवृत्तीत तो अक्षरांच्या किमतींची निव्वळ बेरीज असल्यामुळे दोन अक्षरांची अदलाबदल त्याला कळत नसे, पण बहुतेक चुका जागच्या जागी पकडल्या जात. माझा दावा असा आहे की, त्या दिवसापासून आमचे शिकणे थांबले. लिस्टिंग चालू लागली आणि आम्ही वाचेनासे झालो.

ठिपक्यांचे घुबड

पान सत्तावन्न यांच्या विधानाला एक जोड देतो. लिस्टिंग न वाचण्याचे खापर एकट्या प्रूफरीडरवर फोडता येणार नाही; लिस्टिंगच वाचनीय उरले नव्हते. सुरुवातीचे खेळ पूर्णपणे बेसिकमध्ये असत, पण ते मंद चालत. वेग हवा म्हणून लेखक मशीन कोडकडे, म्हणजे यंत्राला थेट समजणाऱ्या आकड्यांतील सूचनांकडे वळले. तो कोड छापायचा कसा? डेटा या शब्दापुढे आकड्यांच्या रांगा लावायच्या, बेसिकच्या चार ओळींनी ते एकेक करून वाचायचे आणि 'पोक' करून स्मृतीत ठेवायचे. पुढेपुढे 'कंप्यूट'ने एमएलएक्स नावाचे साधन दिले, ज्यात बेसिकचे सोंगही उरले नाही. चार्ल्स ब्रॅनन यांचा स्पीडस्क्रिप्ट हा चांगला वापरण्याजोगा वर्ड प्रोसेसर 'गॅझेट'च्या जानेवारी १९८४ च्या अंकात असाच आकड्यांच्या भिंतीसारखा छापला गेला होता. वाचक तो टंकत, आणि पुढे त्यावर पत्रेही लिहीत. पण त्या भिंतीतून कोणी काय शिकणार?

बीबीसी मायक्रोवाल्यांचे नशीब वेगळे होते आणि येथे थोडी फुशारकी मारतो. १९८१ च्या शेवटी आलेल्या त्या यंत्राच्या बेसिकमध्ये सोफी विल्सन यांनी असेंब्लरच, म्हणजे शब्दांत लिहिलेल्या सूचनांचे मशीन कोडमध्ये रूपांतर करणारे साधन, अंतर्भूत केला होता. चौकटी कंस उघडायचा, असेंब्लीच्या सूचना शब्दांत लिहायच्या आणि कंस बंद करायचा. त्यामुळे आमच्या मासिकांत मशीन कोडही नावांसह आणि टिपांसह छापता येत असे. म्हणून मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे: ज्या लिस्टिंगात माणसाला वाचता येईल असे काही होते, तिथे आपण शिकलो, जिथे फक्त आकडे होते, तिथे आपण यंत्राचे हमाल होतो.

रबरी कळ

फुशारकीची नोंद घेतली आहे. घुबड यांनी हेही कबूल करावे की, आमच्यासारखे यंत्र दिवाणखान्यातील दूरचित्रवाणीला जोडून, घरच्यांची मालिका सुरू होण्याच्या आत लिस्टिंग संपवण्याची थरारक शर्यत त्यांच्याही वाट्याला आली होती.

ठिपक्यांचे घुबड

आली होती. ओळ ८७० वर हरलो होतो.

जुनी फीत

धागाकर्त्यांच्या कॅसेटविषयी कोणीच काही बोललेले नाही, म्हणून लिहितो. तो प्रोग्रॅम अजून परत मिळवता येईल, असे मला वाटते. कमोडोरची मूळ पद्धत प्रत्येक भाग फितीवर दोनदा लिहिते, आणि एका प्रतीत खाडा पडला तर दुसरीतून तो भरून काढते. म्हणूनच ती इतकी मंद होती आणि म्हणूनच आज आशा आहे.

कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे एकमेकांना चिकटलेले थर सुटतील. नंतर एखाद्या साध्या, चांगल्या टेपरेकॉर्डरवर वाजवून आवाज संगणकात ध्वनिमुद्रित करा. डॉल्बी बंद ठेवा आणि स्वर वाढवण्या-घटवण्याची बटणे मध्यावर ठेवा. आवाज बोदा वाटला, तर वाचणाऱ्या हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू पेचकसाने अगदी अल्पसा फिरवत आवाज सर्वांत तीक्ष्ण होईल, तिथे थांबा. हेड आणि फीत यांच्यातील कोन लिहिताना होता तसा जुळणे, हेच सारे मर्म आहे. त्या ध्वनीवरून 'टॅप' प्रकारची फाइल बनवणारी साधने उपलब्ध आहेत आणि 'व्हाइस' हा एम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर कमोडोरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, ती थेट उघडतो.

थोडे अवांतर: फितीवर आवाजाच्या रूपात माहिती ठेवण्याच्या कल्पनेलाही मासिकानेच शिस्त लावली. प्रत्येक उत्पादकाची पद्धत निराळी होऊ लागली, तेव्हा 'बाइट'ने नोव्हेंबर १९७५ मध्ये कॅन्सस सिटी येथे बैठक भरवली आणि तीतून कॅन्सस सिटी स्टँडर्ड निघाले. शून्यासाठी १२०० हर्ट्‌झची चार आवर्तने, एकासाठी २४०० हर्ट्‌झची आठ, आणि वेग सेकंदाला ३०० बिट. या वेगाने आजचे एक छायाचित्र उतरवायचे म्हटले, तर दिवसभर शिट्टी ऐकत बसावे लागेल.

आठ बिटी आजोबा

जुनी फीत यांनी शिट्टीचा विषय काढलाच आहे, तर नेदरलँड्समधील गोष्ट सांगतो. तेथील एनओएस या प्रसारण संस्थेच्या 'हॉबीस्कूप' या आकाशवाणी-कार्यक्रमातून प्रोग्रॅम चक्क आवाजाच्या रूपात प्रसारित होत. श्रोत्यांनी ते कॅसेटवर मुद्रित करून आपल्या संगणकात भरायचे. प्रत्येक यंत्राची बेसिक वेगळी असल्यामुळे त्यासाठी बेसिकोड नावाची सामाईक बोली तयार करण्यात आली. ओळ १००० च्या खालचा भाग ज्या-त्या यंत्राच्या भाषांतरकासाठी राखीव होता आणि त्यावरचा प्रोग्रॅम सर्वांना समान. स्पेक्ट्रम आणि कमोडोर यांची भांडणे मिटवण्याचा मला माहीत असलेला हा एकमेव यशस्वी प्रयत्न होय.

रबरी कळ

मिटलेली नाहीत.

उलटा बदाम

सर्वांचे आभार. पान सत्तावन्न यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, पुढचा अंक मला कधीच मिळाला नाही. म्हणून दुरुस्ती छापली गेली होती की नाही, हे सांगता येत नाही. जुनी फीत यांच्या सूचनेप्रमाणे टेपरेकॉर्डर मिळवण्याच्या खटपटीत आहे.

दरम्यान माझ्या नावाविषयी एकाने व्यक्तिगत निरोपातून विचारणा केली आहे, म्हणून खुलासा करतो. कमोडोरवर अवतरणचिन्हांच्या आत पडदा पुसण्याची कळ दाबली की पडदा पुसला जात नसे. तिथे उलट्या रंगातील बदाम उमटत असे. छापील लिस्टिंगात तो एवढा पुसट येई की, बदाम आहे, इस्पिक आहे की शाईचा डाग आहे, यावर आमच्याकडे चर्चासत्रे होत. नंतर मासिकांनी शहाणपणाने महिरपी कंसात शब्द छापायला सुरुवात केली. माझ्या चार पानांवर मात्र बदामच आहेत.

शून्यावर भागाकार

या आठवणी वाचताना आनंद होतो, हे मी नाकारत नाही. पण आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरत आहोत. त्या मासिकांत लिस्टिंगची पाने थोडी होती आणि जाहिरातींची फार. 'कंप्युटर शॉपर'चे काही अंक आठशे पानांच्याही पुढे गेले होते आणि ते वाचायला नव्हे, तर दाराला टेकण म्हणून अधिक उपयोगी होते. परीक्षणे छापून येईपर्यंत यंत्र जुने झालेले असे. आज आपण ज्याला ज्ञानपीठ म्हणत आहोत, तो पुष्कळ अंशी बाजार होता.

पान सत्तावन्न

बाजार होता, हे खरेच. पण जाहिराती आम्ही लेखांइतक्याच आस्थेने वाचत होतो, हे आपण विसरत आहात. कोणत्या यंत्राला किती स्मृती, कोणत्या ड्राइव्हला किती क्षमता, कोणता प्रिंटर कोणत्या यंत्राला जोडता येतो, हे सारे मी जाहिरातींतूनच शिकले. विकत यांतील काहीच घ्यायचे नव्हते. न घेण्याच्या वस्तूंचा इतका सखोल अभ्यास मी पुढे आयुष्यात कधी केला नाही.

आणि सर्वच मासिके एका मापाने मोजू नयेत. 'बाइट'मध्ये स्टीव्ह सिआर्सिया दर महिन्याला एक मंडल स्वतः जोडून दाखवत असत आणि त्यातील प्रत्येक जोडणीचे कारण देत असत. रॉबर्ट टिनी यांची मुखपृष्ठे घ्या. ऑगस्ट १९८१ चा स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेवरचा विशेषांक आणि त्यावरचे उष्ण हवेच्या फुग्याचे चित्र ज्याने पाहिले, त्याला ऑब्जेक्ट म्हणजे काय, हे कळले नसेल. पण काहीतरी जमिनीवरून उठते आहे, एवढे नक्की कळले. 'बाइट' जुलै १९९८ मध्ये बंद पडले. त्यानंतर एकाच अंकात सोल्डरिंग आणि भाषाशास्त्र शेजारीशेजारी देणारे मासिक माझ्या पाहण्यात आले नाही.

रबरी कळ

मशीन कोडच्या आकड्यांतून कोणी काय शिकणार, असे घुबड यांनी विचारले होते. त्यावर एक उदाहरण. झेडएक्स ८१ ला पदरची अवघी १ किलोबाइट स्मृती होती आणि पडद्यावरचा मजकूरही तिच्यातच राहत असे. तेवढ्यात डेव्हिड हॉर्न यांनी बुद्धिबळ बसवले. कोड ६७२ बाइटांचा होता आणि तो 'युअर कंप्युटर' मासिकात छापला गेला. किल्लेकोट करता येत नसे, प्यादे शेवटच्या घरात गेले तरी त्याचा वजीर होत नसे. पण यंत्र डाव खेळत असे. तो कसा मावला, हे समजून घेण्यासाठी मी आकडे एकेक करून त्या यंत्रातील झेड ८० या प्रोसेसरच्या सूचनांमध्ये उलगडत बसलो होतो. मान्य आहे, मला तेव्हा निम्मेही कळले नाही. उरलेले निम्मे कळावे, म्हणून मी पुढे हा व्यवसाय पत्करला.

जुनी फीत

पुन्हा थोडे अवांतर. ज्यांच्याकडे जुनी यंत्रे आहेत, त्यांनी ती एकदा उघडून पाहावीत. काही जुन्या ॲमिगा संगणकांच्या मदरबोर्डवरील घड्याळाची बॅटरी गळते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकची चिंता नंतर केली तरी चालेल. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांनी ते पुन्हा पांढरे होते, असे पुष्कळ लोक करून पाहतात. पण माझ्या अनुभवात तो पिवळेपणा काही वर्षांनी परत येतो. बॅटरी मात्र आजच काढा.

वाचनमात्र

नावाप्रमाणे मी येथे फक्त वाचत असतो. हा माझा पहिला प्रतिसाद आहे. धागाकर्त्यांचा खेळ अडकण्याचे एक संभाव्य कारण सुचवावेसे वाटते.

'आउट ऑफ डेटा' ही त्रुटी आकडे संपल्यावर येते आणि यंत्र वाचण्याची आज्ञा जिथे आहे ती ओळ दाखवते, चुकलेली डेटाची ओळ नव्हे. म्हणून ओळ ४० निर्दोष असणार. आता आपण म्हणता की, प्रत्येक ओळीत ८ आकडे मोजले होते. मला वाटते, आपण आकडे मोजलेत, स्वल्पविराम मोजले नाहीत. एका ठिकाणी स्वल्पविरामाऐवजी पूर्णविराम पडला असेल, तर डोळ्याला आकडे आठच दिसतील, पण यंत्राला दोन आकड्यांचा मिळून एक दशांश आकडा दिसेल आणि एकूण हिशेब एकाने कमी भरेल.

अशा आकड्याने यंत्र तिथेच का अडले नाही, असे कोणी विचारील. कारण 'पोक' दशांश भाग निमूटपणे छाटून टाकते. कमोडोरवर नागमोडी चक्रव्यूह काढणारा एका ओळीचा प्रसिद्ध प्रोग्रॅम याच छाटणीवर उभा आहे. त्यात २०५.५ मध्ये शून्य ते एकमधला यादृच्छिक अपूर्णांक मिळवतात. छाटल्यावर कधी २०५ उरतो, कधी २०६, आणि त्यानुसार एका किंवा दुसऱ्या बाजूला कललेली रेघ उमटते.

रबरी कळ यांनी आनंदित होऊ नये. दशांश आकडा व्याकरणशुद्ध असल्यामुळे स्पेक्ट्रमचे लुकलुकते प्रश्नचिन्हही येथे दिसले नसते. तिथेही शेवटी 'ई आउट ऑफ डेटा' हेच वाचायला मिळाले असते.

प्रोग्रॅम फितीवरून मिळाला, तर दोन गोष्टी करून पाहा. एक, आकडे एकेक करून वाचा आणि पूर्णांक नसलेला आकडा पडद्यावर छापा. दोन, डेटाची जी ओळ सध्या वाचली जात आहे, तिचा क्रमांक कमोडोर स्मृतीतील ६३ आणि ६४ या स्थानांवर ठेवतो. दर आठव्या आकड्यानंतर ही दोन स्थाने 'पीक' करून, म्हणजे वाचून, क्रमांक काढा. जिथे यंत्र एक ओळ पुढे गेलेले दिसेल, तिथे खोट आहे. दुसरी पद्धत आकडा खरोखर गाळला गेला असेल, तरीही लागू पडते.

ठिपक्यांचे घुबड

इतके दिवस आपण केवळ वाचत का होता, असा प्रश्न विचारावासा वाटतो.

वाचनमात्र

लिस्टिंग टंकण्याची सवय. आधी पूर्ण वाचून घेतो.

उलटा बदाम

टेपरेकॉर्डर मिळाला. पहिल्या चार प्रयत्नांत काहीच हाती लागले नाही. पाचव्या वेळी पेचकसाने स्क्रू अगदी किंचित फिरवला आणि शिट्टी एकदम धारदार झाली. एम्युलेटरने फाइल उघडली आणि मी लहानपणी टंकलेल्या ओळी, माझ्या शुद्धलेखनाच्या चुकांसह, पडद्यावर आल्या.

वाचनमात्र यांची पहिली युक्ती केली. तीनशे वीस आकड्यांऐवजी तीनशे एकोणीस निघाले आणि त्यांतला एकच आकडा पूर्णांक नव्हता: १४१.३२. ओळ १२३०. नंतर मासिकाचे पान भिंगाखाली धरले. त्या ओळीतील इतर सर्व स्वल्पविरामांना शेपटी आहे, या एकालाच नाही. लिस्टिंग ठिपक्यांच्या प्रिंटरवर काढून त्याचेच छायाचित्र छापलेले दिसते. शेपटीचा ठिपका कुठेतरी वाटेत राहून गेला. म्हणजे आम्ही दोघांनी जे छापले होते, ते तंतोतंत टंकले होते.

वाचनमात्र

त्या जागेच्या आसपासचे आकडे १६९, ०, १४१, ३२, २०८ असे आहेत का?

उलटा बदाम

अगदी तसेच आहेत. आपल्याकडे तो अंक आहे का?

वाचनमात्र

नाही. १६९ आणि ० म्हणजे शून्य हा आकडा उचलणे. १४१ म्हणजे तो पुढे दिलेल्या पत्त्यावर ठेवणे. पत्ता ३२ आणि २०८ मिळून होतो: २०८ गुणिले २५६ अधिक ३२, म्हणजे ५३२८०. हा पडद्याच्या किनारीच्या रंगाचा पत्ता आहे आणि शून्य म्हणजे काळा. बहुतेक खेळांच्या आरंभी किनार काळी करण्याची पद्धत असे, म्हणून अंदाज केला. घुबड यांच्या आकड्यांच्या भिंतीला अशा काही खिडक्या होत्या.

ठिपक्यांचे घुबड

हमाल हा शब्द मागे घेतो. निदान अर्धा.

शून्यावर भागाकार

मी मात्र काहीच मागे घेत नाही. उलट माझे म्हणणे सिद्ध झाले आहे. बारा वर्षांच्या मुलाने हुबेहूब नक्कल केली आणि नक्कल अचूक असल्यामुळेच प्रोग्रॅम चालला नाही. त्याला जर लिस्टिंग समजत असते, तर मशीन कोडच्या आकड्यांत दशांश चिन्ह असूच शकत नाही, हे त्याने जागच्या जागी ओळखले असते.

पान सत्तावन्न

हे मला मान्य करावे लागते. पण मग चाळीस वर्षे ती चूक त्याच्या डोक्यात का राहिली, याचेही उत्तर आपण द्यावे. चाललेल्या खेळांतील एकाचे तरी नाव आपल्याला आठवते का?

शून्यावर भागाकार

तीसपैकी दोन आठवतात. दोन्ही चालले नव्हते.

रबरी कळ

आता मुख्य प्रश्न. तो खेळ कसा आहे?

उलटा बदाम

पूर्णविराम काढून स्वल्पविराम घातला आणि 'रन' केले. किनार काळी झाली, वटवाघूळ उडाले आणि चार मिनिटांत मला कंटाळा आला. सुळके नेहमी त्याच क्रमाने येतात.

त्यानंतर ताईला दूरध्वनी केला आणि इतक्या वर्षांनी क्षमा मागितली. तिला तो प्रसंग माझ्यापेक्षा चांगला आठवत होता. ती म्हणाली, "अरे, मी तेव्हाच थांबून विचारले होते की, इथे हा ठिपका आहे का रे? तर तू माझ्यावरच खेकसलास, 'छापले आहे तेच वाच, मध्ये बोलू नकोस.'"